गडावर पळणाऱ्या मावळ्याचा खर्च

मागे कोकणकडा सरकतोय आणि मावळा डावीकडून उजवीकडे उड्या मारत, वाटेतल्यांना लोळवत चाललाय. असा गेम आपणच करावा हे अकोले-संगमनेरकडच्या एखाद्या पोराच्या डोक्यात आलं, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: किती घालवणार?

सॉफ्टवेअरला शून्य. गोडो हे गेम बनवायचं इंजिन फुकट आहे आणि गेम विकला तरी त्याला काही द्यावं लागत नाही. अशा सपाट चित्रांच्या गेमला जुना लॅपटॉपही चालतो. दुकानदार ग्राफिक्स कार्डाची भर घालेल, ऐकू नका.

पैसा जातो चित्रांत. मावळा नुसता उभा राहून श्वास घेतो ती 4 चित्रं, धावणं 8, उडी 4, वार 6, मार खाणं 2, पडणं 6. झाली 30. चित्रकाराने चित्रामागे 200 रुपये सांगितले, तर एकटा मावळा 6,000ला पडला. तीन शत्रूंना निम्मी-निम्मी धरली तरी वर 9,000. म्हणून पहिल्या खेपेला एक गड, एक शत्रू, बास. दुरुस्त्या किती वेळा फुकट आणि चित्रं विकायच्या गेममध्ये वापरायची मुभा, दोन्ही लिहून घ्या.

मग गेम विकायला ठेवायचा खर्च. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेममागे 100 डॉलर लागतात. डॉलर 90चा धरला तर 9,000 रुपये. कमाई 1,000 डॉलरवर गेली की ते परत मिळतात. गुगल प्लेला एकदाच 25 डॉलर, पण नव्या वैयक्तिक खात्याला 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. मित्रांना आधीच चहा पाजून ठेवा. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करा. बहुतेक बँका त्यावर आपलं शुल्क लावतात.

गेम 250ला विकला, तर 18 टक्के जीएसटी आणि मग स्टीमचे 30 टक्के जाऊन हाती साधारण 148 उरतात. म्हणजे नुसती फी सुटायला 61 प्रती. त्यात घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर स्टीम गिऱ्हाइकाला पैसे परत देतं. तुमचा गड दीड तासात सर होत असेल, तर लोक तो जिंकूनही परत करू शकतात!

वर्गणीच्या भरवशावर तर राहूच नका. 2020मध्ये 'राजी' हा गेम काढणाऱ्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचीही किकस्टार्टर या वर्गणीच्या साइटवरची मोहीम फसली होती. आधी एकच गड इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर फुकट ठेवा, तिथे फी नाही. अनोळखी माणसं दुसरा गड मागायला लागली, की मग कार्ड काढा.