रक्तजल आणि नवजात वासराचे रक्षण

गाईचे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत घेऊन न हलविता ठेविले असता थोड्याच वेळात गोठते. काही तासांनी गुठळी आकसते व पिवळसर पाणी सुटते. यासच रक्तजल किंवा सीरम म्हणतात. रक्तपेशी गुठळीत अडकून राहतात आणि रक्त गोठविणारे फायब्रिनोजन हे प्रथिनही तीतच खर्ची पडते. म्हणून रक्तजल पुन्हा गोठत नाही.

रक्तजलात शेकडा ९० हून अधिक पाणी असते. त्यात क्षार, साखर, स्निग्ध पदार्थ, युरिया, संप्रेरके इत्यादी विरघळलेली असतात. कॅल्शियम अगदी थोडे, १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १० मिलिग्रॅम. परंतु व्यायल्यावर तेवढेही एकाएकी घटले, तर दुधाळ गाय दुग्धज्वराने आडवी होते. प्रथिने मात्र सुमारे ७ ग्रॅम असतात. त्यांपैकी अल्ब्युमिन हे पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवते, तर ग्लोब्युलिनांच्या एका वर्गात रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिद्रव्ये येतात. धनुर्वाताविरुद्ध सिद्ध झालेल्या प्राण्याचे रक्तजल टोचल्यास दुसऱ्या प्राण्यासही संरक्षण लाभते, हे बेरिंग व कितासातो यांनी १८९० मध्ये दाखविले.

गाई-म्हशींत ही प्रतिद्रव्ये वारेतून गर्भाकडे जात नाहीत. त्यामुळे नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या रक्तजलात ती जवळजवळ नसतात. ती मिळतात चिकातून. वासराचे आतडे ती न पचविता जशीच्या तशी रक्तात घेते. पण ही वाट तासागणिक आखडते आणि सुमारे २४ तासांत बंद होते. नंतर कितीही चीक पाजला तरी प्रतिद्रव्ये रक्तात उतरत नाहीत.

वार पडेपर्यंत चीक पाजू नये, अशी समजूत पुष्कळ गावांत आहे. ती निराधार असून वासराच्या जिवावर बेतणारी आहे. वार पडण्यास आठ-दहा तास लागले, तर मोलाचा काळ निघून जातो आणि पुढे हगवणीने वासरू दगावते. जन्मानंतर एक-दोन तासांत पहिला चीक पाजावा. २५ किलो वजनाच्या वासरास पहिल्या दिवशी सुमारे अडीच लिटर चीक द्यावा. घरात खरवस अवश्य व्हावा, पण वासराचा वाटा देऊन!

चीक पुरेसा मिळाला की नाही, हे पहिल्या आठवड्यात वासराचे रक्तजल तपासून कळते. १०० मिलिलिटरमध्ये प्रथिने ५.२ ग्रॅमहून कमी आढळल्यास चीक कमी पडला असे समजावे. नमुना पाठविताना कार्यकर्त्याने नळी हलवू नये व उन्हात ठेवू नये. रक्तजल वेगळे करण्यापूर्वी रक्त बर्फात गोठू देऊ नये. पेशी फुटून रक्तजल लाल होते व तपासणी फसते.