नवी दांडी हाती येईपर्यंत जुनी सोडू नये

बाळा, दिवा उपनगरातल्या घरात नेटची कंपनी बदलायची म्हणतोस? बदल की! फक्त आठ-सत्तावीसची लोकल पकडायच्या घाईने नको. हे एवढं वाच, मग फोन फिरव.

१. आधी आपल्याच विंगमधल्या शेजाऱ्याकडे रात्री नऊनंतर जाऊन त्याचं नेट बघ – सगळे कामावरून परतले की अख्खी बिल्डिंग एकदम नेटवर येते, खरा वेग तेव्हाच कळतो.

२. ‘१०० एमबीपीएस’ वाचून हुरळू नकोस, सेकंदाला जेमतेम १२ एमबी उतरतात – कंपनी बिट मोजते, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो.

३. भाव विचारताना ‘जीएसटी धरून किती?’ असंच विचार – १८ टक्के चढले की ६०० चे ७०८ होतात.

४. सुरुवातीला महिन्याचाच प्लॅन घे, वर्षाचे पैसे एकदम भरू नकोस – आगाऊ गेलेला रुपया आपल्या बाजूने बोलत नाही.

५. जमलं तर पावसाळ्याआधी काम उरक – दिवा पूर्वेला पाणी साचलं की गच्चीवरून तार ओढायला कोण येणार? तळमजल्यावर असशील तर नेटचा डबा खिडकीच्या वर लावून घे.

६. तार आत घेताना लाइनमनजवळ उभा राहा, कोपऱ्यात ती करकचून वळवू देऊ नकोस – आत बारीक काच असते, फार वाकली की प्रकाश पुढे पोचत नाही.

७. डब्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल झाला तर तक्रार करताना पहिलं वाक्य तेच सांग – प्रकाश तारेतूनच येत नाहीये हे त्यांना लगेच कळतं, राउटर बंद-चालू करण्यात तुझा अर्धा तास जात नाही.

८. नव्या राउटरला वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनाच दे – टीव्ही, कॅमेरा, आईचा फोन आपोआप जोडले जातात. अर्ध्या मजल्याला तो पासवर्ड वाटून बसला असशील, तर मात्र नवाच ठेव!

९. नवं नेट आठवडाभर नीट चाललं की मगच जुनं बंद कर – मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ पासून देशभर आहे, घरच्या नेटला ती नाही. जोडणं वेगळं, तोडणं वेगळं, आणि दोन्ही तुलाच करायचं.

१०. बंद करायचा अर्ज ईमेलने कर, विनंती क्रमांक लिहून ठेव आणि यूपीआयचं ऑटोपे स्वतः रद्द कर – नाहीतर नेट गेलं तरी पैसे जात राहतील.

११. जुना डबा ॲडॉप्टरसकट परत दे, सिरीयल नंबरचा फोटो काढ, पावती घे – अनामत बहुधा इथेच अडते. शब्द लोकलने निघून जातो, पावती घरी राहते.

१२. तरीही पैसे अडकले तर आधी कंपनीकडे तक्रार, मग तिच्याच अपील विभागाकडे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही जवळ ठेव – तक्रार क्रमांक हाती असला की आवाज चढवावा लागत नाही.

१३. लाइनमनला नावाने हाक मार, पाणी-चहा विचार – ऐन परीक्षेच्या रात्री तार तुटली तर खांबावर चढणार तो, कंपनीची जाहिरात नव्हे.