घाटाच्या पायऱ्या

वाई, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. माधव यास अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझ्या आईचे पत्र काल पोचले; नकाशावहीच्या पुठ्ठ्याआड तिला सापडलेली तुझी चाचणीची उत्तरपत्रिकाही त्यातच घडी घालून होती. पंचविसांत सात गुण पडले याचा मला विशेष खेद नाही. आपल्या घराण्यात सात हा आकडा अभूतपूर्व नव्हे, हवे तर मामाला विचार. परंतु मास्तरांनी "समजले ना?" म्हणून विचारताच, अक्षरही समजलेले नसताना, तू सर्वांच्या आधी मान डोलावलीस, हे वाचल्यापासून मला स्वस्थता नाही.

तिसरे उदाहरण बघ. −२क्ष < ६ दिले असता तू दोन्ही बाजूंना −२ ने भागलेस आणि चिन्हाला हात न लावता क्ष < −३ असे ठोकून दिलेस. चौथ्यात भाजक चांगला धन असताना, कोणी कानात सांगितल्यासारखे, चिन्ह उलटे केलेस! अरे, उत्तर लिहून झाल्यावर एखादी संख्या साक्षीला उभी करायला कितीसा वेळ लागतो? शून्य घे. शून्याची −२ पट शून्यच, आणि ते सहाहून लहान. म्हणजे उत्तरात शून्य असलेच पाहिजे. तुझ्या उत्तरात ते आहे का? उलट −४ तुझ्या उत्तरात खुशाल बसते, पण मूळ असमानतेत ते घातले की आठ सहाहून लहान असल्याचा भलताच दाखला मिळतो. क्ष > −३ हवे होते. म्हणजे −३ च्या उजवीकडचा सबंध मुलूख, खुद्द −३ वगळून, आणि म्हणूनच संख्यारेषेवर त्या जागी पोकळ वर्तुळ काढतात.

आणि हे तुला ठाऊक नव्हते असे तरी कसे म्हणू? गेल्या नाताळात गणपतीच्या घाटावर तू पाण्यापासून पाचव्या पायरीवर होतास, सुमी दुसऱ्या; कृष्णामाई थंडीने अगदी संथ होती, आणि तूच ओरडलास, "आजोबा, मी सुमीच्या वर आहे, पण पाण्यात तिच्याही खाली!" पाण्याची पातळी शून्य धर. काठावर ५ > २, पाण्यात −५ < −२. उण्या एकाने गुणणे म्हणजे ते प्रतिबिंब, दुसरे काही नाही. जो जितका वर, तो तितका खोल. मग मान का डोलावलीस?

बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली छापले. लहानमोठेपणाची चिन्हे थॉमस हॅरियटच्या ग्रंथात आली १६३१ साली, आणि तोवर त्या बिचाऱ्याला जाऊन दहा वर्षे लोटली होती. जगाला या दोन मजलांच्या मध्ये ७४ वर्षे लागली, तेथे माधवरावांना दोन आठवडे अधिक लागले असते तर कोणते आभाळ कोसळणार होते?

ही खोड तुला माझ्याकडूनच आली असावी, हेच माझे खरे भय आहे. मॅट्रिकच्या वर्गात बीजगणिताच्या तासाला मीही असाच पुढच्या बाकावर बसून "समजले" म्हणत असे, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाण्याचा मानस मनातच राहिला, आणि पुढे कचेरीत एकतीस वर्षे शिरस्त्याप्रमाणे आकडे या खतावणीतून त्या खतावणीत उतरवताना "असे का?" म्हणून एकदाही विचारले नाही. आमचे मास्तर काही वाघ नव्हते रे. विचारले असते तर त्यांनी सांगितले असते.

येथवर रागाने लिहून रात्री कंदील जवळ ओढला आणि तुझी उत्तरपत्रिका पुन्हा पाहिली. तिसऱ्या उदाहरणाच्या समासात रबराने खोडलेली एक संख्यारेषा आहे; कागद तिरका धरला म्हणजे दिसते. −३ पाशी पोकळ वर्तुळ, आणि बाण उजवीकडे. मग तो का खोडलास, बाळ? शेजारच्याचा बाण डावीकडे होता म्हणून?

आईला मी तुला रागावू नको म्हणून निराळे लिहिले आहे. संक्रांतीला ये, आजीने तीळ आत्ताच निवडून ठेवलेत. घाटावर जाऊ. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ धरले आहे, आणि हल्ली त्या मला एकट्याने उतरवत नाहीत. तेवढा हात तू धर.

तुझा,
आजोबा