ओव्हरहेड क्रेन : चाक बदलण्यापूर्वी झिजेची खूण ओळखा

ताडकळससारख्या गावातून आयटीआय करून फिटर झालेल्या तरुणाची पुढे साखर कारखान्यात किंवा वाळूज, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत ओव्हरहेड क्रेनशी गाठ पडते. साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या उतरवणारी क्रेन हंगामात रात्रंदिवस चालते. ती थांबली की गव्हाणीत ऊस पडत नाही आणि बाहेर गाड्यांची रांग लागते. अशा वेळी घाईने चाक बदलले जाते. मात्र मूळ दोष तसाच राहिला तर नवे चाकही तेवढ्याच वेगाने झिजते.

पूर्णा जंक्शनवर रेल्वेचे चाक आपण पाहिलेच असेल. त्याला एकाच बाजूला कड म्हणजे फ्लँज असते आणि त्याचा पृष्ठभाग किंचित उतरता असतो. क्रेनच्या चाकाला बहुधा दोन्ही बाजूंना फ्लँज असते आणि पृष्ठभाग सपाट असतो. फ्लँजचे काम क्रेनला रुळावरून उतरू न देणे, एवढेच. ती सतत रुळाला घासू लागली की काहीतरी बिघडले आहे, असे समजावे.

बिघाडाच्या खुणा

रुळाची बाजू आरशासारखी चकाकणे, रुळाखाली लोखंडाचा चुरा किंवा पापुद्रे पडणे, चालताना कर्कश आवाज होणे, क्रेन झटके देत चालणे आणि फ्लँजची कड धारदार होणे, या मुख्य खुणा होत.

खुणेवरून कारण

१) रुळाच्या एकाच ठिकाणी घासल्याची खूण असेल तर दोष बहुधा रुळात असतो. तेथील खांब खचला आहे का, क्लिपा सैल आहेत का, सांधा वरखाली झाला आहे का, हे पाहावे.

२) संपूर्ण लांबीभर खूण असून एकाच चाकाची फ्लँज झिजत असेल, तर ते चाक तिरपे बसले असावे. त्याचे बेअरिंग व एल-ब्लॉक तपासावेत.

३) दोन्ही रुळांच्या आतील बाजू घासत असतील तर रूळ चाकांच्या मानाने जवळ आले आहेत, बाहेरील बाजू घासत असतील तर ते दूर गेले आहेत. येथे सूट फार थोडी, साधारणपणे ३ ते ५ मिलिमीटर असते. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावा.

४) कर्णरेषेतील दोन चाके घासत असतील तर क्रेन तिरकी चालते आहे. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या चालक चाकांचे व्यास मोजावेत.

व्यासातील थोड्या फरकाचा परिणाम किती होतो, ते पाहा. एक चाक ५०० मिलिमीटरचे व दुसरे ४९९ चे असून दोन्ही सारख्याच फेऱ्या घेत असतील, तर ५० मीटर अंतरात लहान चाक १०० मिलिमीटर मागे पडू पाहते. फ्लँज त्याला अडवते आणि स्वतः झिजते. म्हणून चालक चाके जोडीनेच बदलावीत.

सर्वसाधारण प्रथेनुसार फ्लँजची जाडी निम्मी उरली की चाक बाद करतात. पातळ फ्लँज तुटली तर क्रेन रुळावरून उतरू शकते, आणि खाली माणसे काम करीत असतात. आवाज बंद व्हावा म्हणून रुळाच्या माथ्यावर ग्रीस लावण्याची चूक करू नये. त्याने चालक चाक घसरते आणि क्रेन अधिकच तिरकी होते.

सुरक्षितता प्रथम

वर चढण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून कुलूप लावावे व किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. रुळाजवळ माणूस काम करीत असताना चालती क्रेन त्याच्यापासून ६ मीटरच्या आत येऊ देऊ नये, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २९ मध्ये सांगितले होते. कायदे बदलले तरी ही शिस्त सोडू नये.

दर महिन्याला प्रत्येक फ्लँजची जाडी कॅलिपरने मोजून तारखेसह वहीत लिहावी. तीन-चार महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की कोणते चाक किती वेगाने झिजते, हे स्पष्ट होते. नुसते चाक बदलणारे पुष्कळ असतात. ते का झिजले हे मालकाला नोंदीनिशी दाखवू शकणाऱ्या कारागिराला कामाची वाण पडत नाही.