जाळ्यातला कोळी आणि पानाखालचा कोळी

मराठीत ‘कोळी’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या जिवांना लावला जातो आणि फवारणीत मोठी चूक होते ती त्यामुळेच. वांगी-भेंडीच्या पानाखाली रस शोषणारा ‘लाल कोळी’ ही कीड आहे. दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेत चाकासारखे गोल जाळे विणून बसणारा कोळी मात्र किडींवर जगतो. दिल्लीकडच्या हिंदीतही एक ‘लाल मकड़ी’ आणि दुसरी नुसती ‘मकड़ी’, म्हणजे तिथेही गोंधळ तोच. दोघांना आठ पाय असले तरी शेतकऱ्याच्या लेखी एक वैरी आहे आणि दुसरा राखणदार.

लाल कोळी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पानावर आधी पांढुरके ठिपके पडतात, मग पान पिवळट-तपकिरी होते आणि प्रादुर्भाव वाढला की पानाखाली व शेंड्यावर बारीक, विस्कळीत जाळी धरते. तिला ना मध्य असतो ना आरे. ही कीड उष्ण, कोरड्या हवेत बळावते, त्यामुळे दिल्लीत मार्च ते जून हे तिचे दिवस. गोल जाळी दिसतात ती पावसाच्या उतरणीला, ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात. नजफगडकडची भाजीची शेते, यमुनेच्या खादरातले (पूरमैदानातले) वाफे, सोनिपतची बासमती, द्वारका-नोएडातल्या गच्चीवरच्या कुंड्या, सगळीकडे ती या दिवसांत आढळतात.

गोल जाळ्याची रचना ठरलेली असते. बाहेर चौकट, मध्यातून निघणारे आरे आणि त्यांवर फिरत गेलेली वळणे. आऱ्यांचा धागा कोरडा असतो, चिकटपणा असतो तो वळणांच्या धाग्यात. भक्ष्य वळणांना अडकते. विणणाऱ्या कोळ्याच्या पायांची तिसरी जोडी सर्वांत आखूड असते, ही खूण भिंग न वापरताही दिसते.

बागेत सर्वांत सहज ओळखू येतो तो अर्जिओपी अनासुजा. मादी साधारण एक सेंटिमीटरची, पुढचा भाग रुपेरी, पोटावर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे. दिवसाढवळ्या ती जाळ्याच्या मधोमध डोके खाली करून बसते आणि पाय जोडीजोडीने एकत्र ठेवते, त्यामुळे लांबून चारच पाय असल्याचा भास होतो. पायांच्या रेषेतच जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची नागमोडी फुली काढलेली असते. ही फुली सही केल्यासारखी दिसते. वयात न आलेल्या कोळ्याच्या जाळ्यात ती अर्धवट असते, म्हणून केवळ फुलीवर विसंबू नये. नाकतोडा अडकला की मादी मागच्या पायांनी रेशमाचे पट्टे ओढत त्याला आधी गुंडाळते, चावते नंतर. शेजारी चिमुकला कोळी दिसला तर तो पिल्लू असेलच असे नाही. नर तिच्या निम्म्याहून लहान असतो.

निओस्कोना मात्र दिवसा सहज सापडत नाही. तपकिरी, गोलसर पोटाचा हा कोळी दिवसभर दुमडलेल्या पानात दडतो आणि तिन्हीसांजेला जाळे विणतो. पहाटे तो जाळे खाऊन टाकतो आणि तेच रेशीम पुन्हा कामी येते. सकाळी जाळे दिसले नाही म्हणजे कोळी नाही, असे मानू नये. बॅटरी घेऊन रात्री फेरी मारावी. देशभर आढळणाऱ्या निओस्कोना मुखर्जी या जातीला 1980 मध्ये नाव दिले ते पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात काम केलेल्या बी. के. टिकादर यांनी. भारतीय कोळ्यांचा अभ्यास आजही त्यांच्या ग्रंथांवाचून पुढे जात नाही.

भातखाचरात पाण्यालगत लांबट, काडीसारखा टेट्राग्नाथा असतो. पाय पुढे-मागे ताणून तो धांड्याला असा चिकटतो की काडीच वाटावी. हिरवट-रुपेरी ल्यूकॉजचे जाळे आडवे किंवा तिरपे असते. जाळ्याच्या मधोमध कचऱ्याची उभी रेघ दिसली तर त्या रेघेत सायक्लोसा दडलेला असतो. सिर्टोफोराचे जाळे तंबूसारखे, आडवे आणि चिकट नसलेले.

तुडतुडे, पांढरी माशी, खोडकिडीचे पतंग, पंख फुटलेला मावा हे या सर्वांचे खाद्य. कधी मधमाशीही अडकते, हे खरे. तरी एवढ्यासाठी जाळी मोडू नयेत. या कोळ्यांचे विष माणसाला सहसा धोक्याचे नसते. वाट अडत असेल तर एका बाजूचा धागा काडीवर घेऊन कोळी शेजारच्या झुडपावर सोडावा.

फवारणीआधी पान उलटून पाहावे. लाल कोळी थोडा असेल तर पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोराचा मारा करून आठवडाभर वाट पाहावी. वाढला तर त्याच पिकासाठी शिफारस असलेले कोळीनाशक वापरावे. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधे सरसकट मारली तर जाळ्यातले कोळी आणि मित्रकीटक जातात आणि लाल कोळी उलट उसळून येतो.

नोव्हेंबरात रब्बीसाठी वाफे साफ करताना दुमडलेली पाने उघडून पाहावीत. आत कापसासारखे रेशमी आवरण असेल तर ती निओस्कोनाची अंडी असू शकतात. असे पान जाळू नये, बांधावरच्या झुडपात अडकवून ठेवावे.