इंग्रजी वाक्यातील उद्देश्य आणि विधेय : मराठीच्या अंगाने

वाक्याचे उद्देश्य आणि विधेय असे दोन भाग पाडण्याची रीत मराठी शालेय व्याकरणात इंग्रजीच्या प्रभावाने रूढ झाली. संज्ञा मात्र संस्कृत शास्त्रचर्चेतून आल्या. मीमांसकांच्या परिभाषेत जे आधीच ज्ञात असते व ज्याला अनुलक्षून काही सांगावयाचे असते ते उद्देश्य, आणि जे नव्याने सांगितले जाते ते विधेय. पाणिनीय विचार कारकांच्या अंगाने चालतो. तेथे इंग्रजीतील 'सब्जेक्ट'ला नेमका प्रतिशब्द सापडत नाही. परिणामी मराठी विद्यार्थी अर्थनिष्ठ संज्ञा हाती घेऊन एका रचनानिष्ठ वस्तूचा शोध घेऊ लागतो.

क्रियापदाला 'कोण?' किंवा 'काय?' असा प्रश्न विचारावा, ही पाठ्यपुस्तकांतील युक्ती सोप्या वाक्यांपुरती ठीक आहे. 'इट इज रेनिंग' या वाक्यात ती थांबते. मराठीत पाऊस पडतो, म्हणजे पडणारा कोणीतरी आहे. इंग्रजीतील 'इट' कशाचाच निर्देश करीत नाही, तरी ते उद्देश्यच होय. उद्देश्याची जागा रिकामी ठेवणे इंग्रजीला आज्ञार्थाखेरीज सहसा मानवत नाही. (आज्ञार्थातही 'वॉश युअरसेल्फ' मधील 'युअरसेल्फ' हे अध्याहृत 'यू'ची साक्ष देतेच.)

तेव्हा खुणा रचनेतच शोधावयास हव्यात. 'इज द बॉय रेडी?' असा प्रश्न करताना साहाय्यक क्रियापद ज्याला ओलांडून पुढे येते ते उद्देश्य. क्रियापदाचे वचन ज्याच्याशी जुळते ते उद्देश्य. 'हिम' न होता 'ही' राहते ते उद्देश्य. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज इज पुअर' येथे जवळच्या अनेकवचनी 'मँगोज'कडे कान ओढला जातो, पण 'इज'चे नाते 'क्वालिटी'शी आहे.

या खुणा नेहमी एकाच पदावर एकवटतात असे मात्र नाही. 'देअर आर फोर मेन ॲट द डोअर' या वाक्यात वचन जुळते ते 'फोर मेन'शी. प्रश्न करताना मात्र 'आर देअर फोर मेन...' अशी उलटापालट होते, म्हणजे क्रियापद 'देअर'ला ओलांडते. जुनी शालेय व्याकरणे 'मेन'ला उद्देश्य ठरवून मोकळी होतात. तो निवाडा एका खुणेपुरताच खरा आहे.

मराठी वाचकाला हे विभाजन परके वाटण्याचे कारण नाही. 'मुलाने पोळी खाल्ली' यात क्रियापद पोळीच्या लिंगवचनाने चालते, खाणाऱ्याच्या नव्हे. 'त्याला आपल्या वागण्याचा राग आला' यात 'आला' हे रागाशी जुळते. 'राग'च्या जागी 'लाज' घातली की लगेच 'आली' होते. तरीही 'आपल्या' हे सर्वनाम रागाकडे न वळता 'त्याला' या चतुर्थ्यंत पदाकडे वळते. एका पदाकडे सुसंगती, दुसऱ्याकडे आत्मवाचकाचा संबंध! दादोबा पांडुरंग यांच्या 1836 च्या व्याकरणापासून मराठी वैयाकरणांना प्रयोगविचाराने जे गुंतवून ठेवले आहे, त्याचे मूळ अशाच रचनांत आहे.

भाषांतरात याची किंमत मोजावी लागते. 'त्याला राग आला'चे 'ही गॉट अँग्री' झाले की, ज्याच्यावर राग चालून आला तो माणूसच वाक्याच्या अग्रस्थानी बसतो आणि राग विधेयात विरून जातो. एका वाक्यात हा फरक क्षुल्लक वाटेल. पण ज्या कथेतील पात्राला सतत काही ना काही 'होते', 'सुचते', 'आठवते', 'वाटते', तिच्या इंग्रजी अनुवादात तेच पात्र पानोपानी प्रथमान्त उभे राहते. आणि केवळ इंग्रजी अनुवाद वाचणारा अभ्यासक त्याच्या कर्तृत्वाविषयी जे निष्कर्ष काढतो, ते पुष्कळदा मूळ लेखकाचे नसून इंग्रजी उद्देश्याचे असतात. उलट दिशेने, 'इट वॉज रामा हू ब्रोक द बो' याचे 'धनुष्य मोडले ते रामाने' असे भाषांतर करणाराने 'इट'ला प्रतिशब्द शोधलेला नाही. तरीही मीमांसकांच्या अर्थाने पाहिले तर ज्ञात काय आणि नवे काय, हे त्याने अचूक राखले आहे.