छत्री खांद्यावर, हात मोकळे
अदलियातून भटकायला निघणाऱ्या मंडळींसाठी

शुक्रवार-शनिवारची सुट्टी आली की अदलियातून गाडी काढून बहरीनमधलं बहुतेक सगळं काही तासाभरात गाठता येतं. अडचण असते ती सावलीची. किल्ल्याचं टेकाड, आलीची प्राचीन दफनस्थळं, दक्षिणेकडचं वाळवंट, सगळीकडे ऊन थेट अंगावर. त्यामुळे छत्री न्यावीच लागते. ती एका हातात धरली की उरलेल्या हातात पाण्याची बाटली, फोन किंवा मुलाचं बोट यांपैकी एकच काहीतरी मावतं. थोड्या वेळाने मनगट भरून येतं, छत्री कलते आणि डोकं उन्हात जातं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की छत्री धरू नका, अंगावर बांधा.

ही सोय आपल्याकडे जुनीच आहे. कोकणात आणि मावळात भातलावणीला बायामाणसं इरलं घेऊन उतरतात. बांबूच्या कामट्यांची वीण, तिच्यात दाबून बसवलेली रुंद पानं आणि अलीकडे पानांऐवजी प्लास्टिकचा कागद. इरलं डोक्यावरून पाठीवर उतरतं, त्यामुळे माणूस ओणवा झाला तरी पाठ झाकलेली राहते आणि दोन्ही हात चिखलात रोप खोवायला मोकळे असतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात रे जार्डिन या भटक्याने लांब पल्ल्याच्या पायवाटांवर छत्री नेण्याचा हिरिरीने पुरस्कार केला. आज पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलच्या वाळवंटी टप्प्यात सॅकच्या पट्ट्याला चंदेरी छत्री अडकवून चालणारे अनेक जण दिसतात. जर्मनीतल्या उल्म शहरातली युरोशिर्म ही कंपनी तर सॅकला जोडायची छत्री तयारच विकते.

छत्री कशी निवडावी

दांडा सरळ हवा आणि मूठही सरळ. वाकड्या मुठीची छत्री पट्ट्यात नीट बसत नाही, सारखी फिरते. काड्या फायबरग्लासच्या घ्या. वाऱ्यात त्या लवतात आणि पुन्हा सरळ होतात, पोलादी काडी एकदा वाकली की वाकडीच राहते. उघडल्यावर घेर साधारण एक मीटर असावा. त्याहून लहान छत्रीत खांदे उन्हात राहतात, मोठी घेतली तर वारा भरतो. कापड बाहेरून चंदेरी आणि आतून काळं असेल तर उत्तम. चंदेरी बाजू ऊन परतवते, काळी बाजू वाळूवरून उसळणारी तिरीप डोळ्यांवर येऊ देत नाही. चंदेरी मिळाली नाही तर घट्ट विणीची काळी छत्रीही चांगलं काम देते.

पट्टा घरी कसा करावा

छातीचा आणि कंबरेचा पट्टा असलेली साधी सॅक घ्या. एका खांदापट्ट्यावर दोन ठिकाणी वेल्क्रोचे फास शिवून घ्या. वरचा हासळीच्या हाडाशी, खालचा त्याच्या वीतभर खाली. घरच्या सुईने हे जाड पट्टे शिवले जात नाहीत. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून दुहेरी शिवण मारून घ्या. दांडा दोन्ही फासांतून वर न्यायचा आणि मूठ कंबरपट्ट्यात खोचायची. दांडा आखूड असेल तर मूठ बरगड्यांपाशीच राहील. मग तिच्यासाठी खांदापट्ट्याच्या खालच्या टोकाला तिसरा फास लावा. छातीचा पट्टा मात्र आवळायलाच हवा. तो सैल राहिला तर छत्रीच्या ओढीने खांदापट्टा बाहेर सरकतो आणि सगळा भार मानेवर येतो.

सॅक नको असेल तर इंचभर रुंदीचा नायलॉनचा पट्टा पाठीवर फुली येईल असा दोन्ही खांद्यांवरून घ्या, पुढे बकलने जोडा आणि फास त्यावर बसवा. कोणताही फास एका हाताने, न बघता, एका ओढीत सुटला पाहिजे. वाऱ्याचा झोत आला की तेवढाच वेळ हाताशी असतो. म्हणून गाठी आणि प्लास्टिकचे टाय टाळा.

कोन कसा साधावा

बहरीन साधारण २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनअखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा दांडा सरळ ठेवला की झालं. पण पायी फिरण्याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च हा आहे आणि डिसेंबरात दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंशांवर असतो. तेव्हा सरळ उभ्या छत्रीची सावली तुमच्या बाजूला पडते, अंगावर पडत नाही. मूठ मागे सरकवली की छत्री पुढे झुकते, पुढे घेतली की मागे. वरचा फास थोडा सैल केला की ती बाहेरच्या अंगाला कलते.

कोन जमला की नाही, हे जमिनीवर बघा. तुमच्या डोक्याची आणि खांद्यांची सावली छत्रीच्या सावलीत पूर्ण बुडालेली दिसली की जमला. कान किंवा खांदा बाहेर डोकावत असेल तर थांबून दांडा हलवा. परतीच्या वाटेवर ऊन दुसऱ्या बाजूने येतं, म्हणून दोन्ही खांदापट्ट्यांवर फास लावून घेतले तर नुसती बाजू बदलता येते.

कुठे न्यावी, कुठे मिटावी

पहिला सराव अदलियातच करा. सकाळी ब्लॉक ३३८ च्या गल्ल्यांतून, भिंतींवरची चित्रं बघत चाला. दुकानांचे फलक, दारं, समोरून येणारी माणसं यांचा अंदाज इथेच येतो. बांधलेल्या छत्रीच्या काड्यांची टोकं उंच माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात, हे कायम लक्षात ठेवा. त्यामुळे मुहर्रकच्या मोतीमार्गावर, म्हणजे जागतिक वारशात २०१२ साली नोंदलेल्या साडेतीन किलोमीटरच्या वाटेवर, छत्री मोकळ्या चौकात उघडा आणि अरुंद बोळांत मिटा.

तिचं सोनं होतं ते कलअत अल-बहरीनला. माणसाने हजारो वर्षं वस्ती करून रचलेलं ते टेकाड २००५ पासून जागतिक वारसा आहे. उत्खननाच्या भिंती, वर पोर्तुगीज काळातला किल्ला, पलीकडे समुद्र. बघायला वेळ लागतो आणि सावली अगदी थोडी. आलीच्या दफन टेकाडांपाशीही तेच. बहरीनभरच्या अशा ११,७७४ टेकाडांना २०१९ मध्ये वारशाचा दर्जा मिळाला. दक्षिणेला वाळवंटात एकटं उभं असलेलं ‘जीवनवृक्ष’ म्हणून ओळखलं जाणारं झाड तर आपल्या ओळखीचं, शमीच्या जातीचं आहे. गाडीतून उतरून झाडाभोवती निवांत फिरायचं तर छत्री हवीच. मात्र फांद्यांखाली शिरताना ती मिटा. त्या जुन्या झाडाची एक डहाळीही आपल्या काड्यांनी मोडता कामा नये.

वारा ही या सोयीची सीमा आहे. वायव्येकडून येणारा शमाल सुटला की धूळ उडते आणि छत्रीचं शीड होतं. पट्टा खांद्यावरून उचलल्यासारखा वाटला की त्याच क्षणी छत्री मिटा. सह्याद्रीतही हाच नियम. पठारावर, गाडीवाटेवर, जंगलाबाहेरच्या माळावर ती खुशाल बांधा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर किंवा हाताने धरून चढायच्या कातळटप्प्यावर ती सॅकमध्येच हवी. विजा चमकत असतील तर मिटून गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा.

छत्री काय करू शकत नाही

छत्री ऊन अडवते, हवा गार करत नाही. बहरीनच्या उन्हाळ्यात तापमान चाळिशीपार असतं आणि समुद्रामुळे हवा इतकी दमट होते की घाम सुकत नाही. घाम सुकला नाही की शरीर थंड होत नाही, मग डोक्यावर कितीही सावली असो. या देशात उन्हाळ्याच्या कडक दिवसांत दुपारी १२ ते ४ उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद असतं. तोच नियम आपण भटकंतीला लावावा. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी सोबत ठेवा आणि तहान लागायची वाट न पाहता घोट-घोट प्या. कुणी असंबद्ध बोलू लागलं, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा अंग तापून घाम थांबला, तर त्याला लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि ९९९ ला फोन करा.

मोकळ्या झालेल्या हातांचा खरा उपयोग अशाच वेळी होतो. एका हातात पाणी, दुसऱ्या हाताने सोबतच्या माणसाला आधार आणि सावली दोघांवर. येत्या शुक्रवारी सकाळी लवकर निघा, आधी जमिनीवरची सावली तपासा आणि मगच पुढे चाला.